गोगलगायवाल्या बाईंची लाल चिठ्ठी

आमच्या धंद्यात शिकवणाऱ्याला सगळ्यात आधी हात आवरायला शिकवतात. समोरच्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. त्याचा कंस सुटलेला आपल्याला ढळढळीत दिसत असतो, बोटं शिवशिवत असतात, तरी हात पाठीमागे बांधून त्याच्या खुर्चीमागे उभं राहायचं आणि नुसतं बोलायचं. आपण दोन बटणं दाबून दिली की त्याचं काम होतं, पण त्याला काही येत नाही, आणि उद्या तो पुन्हा तिथेच अडतो. हे मी शिकवायला लागल्यापासून नेमाने पाळत आले. घरी मात्र मी मुलीचा घास तिच्या गालात राहिलाय की पोटात गेलाय हे बोट घालून बघणाऱ्यातली आहे. नवरा म्हणतो, तुझी शिस्त दाराबाहेर चपलांजवळ असते.

धंदा म्हणजे संशोधकांना संगणकाचं काम शिकवण्याचा. ही माणसं आपापल्या विषयात मोठी असतात. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम खरंच’ अशा नावांच्या फायलींत कोंबलेल्या असतात आणि त्यातली कुठली खरी हे त्यांनाही सांगता येत नाही. आम्ही एखाद्या संस्थेत तीन दिवस जातो, नोंदी नीट कशा लावायच्या, छोटा छोटा कोड लिहून त्यातून हवं ते कसं काढायचं, ग्राफ कसे करायचे, हे शिकवतो आणि निघून येतो. तीन दिवस सगळ्यांच्या गळ्यातला ताईत, चौथ्या दिवशी कोण तुम्ही आणि कोण आम्ही.

या कामाला नेहमी दोघं जातात. एक जण पुढे उभा राहून मोठ्या पडद्यावर टाइप करतो आणि वर्ग त्याच्यामागून टाइप करतो. दुसरा खुर्च्यांमधून फिरतो, अडलेल्यांना सोडवतो. माझा जोडीदार मी बाळंतपणाच्या रजेवर असताना बँकेत नोकरीला लागला. परत आले तेव्हा आमच्या ऑफिसच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, “नवीन माणूस मिळेपर्यंत एकटी जाशील? वर्ग लहान आहे.” मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, “एक खेप करून बघ. घरचं जमत नसेल तर मोकळेपणाने सांग. पत्रोत्तरांच्या टेबलावर जागा आहे.”

पत्रोत्तरांचं टेबल म्हणजे दिवसभर बसून लोकांच्या अडचणींना लेखी उत्तरं द्यायची. प्रवास नाही, वर्ग नाही, माणूसही नाही. वाईट काम नव्हे. पण मला वर्गात उभं राहायला आवडतं. कुणाचा पहिला ग्राफ उमटला की तो खुर्चीत जरा मागे रेलतो, ते बघायला आवडतं. नवऱ्याशी बोलून ठरवलं. पोरगी माझ्याशिवाय तीन दिवस राहिली तर शिकवणं राहील, नाही राहिली तर टेबल. ती तोवर एक रात्रही माझ्याविना झोपली नव्हती. माझ्या डाव्या कानाची पाळी मुठीत धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. उजवी चालत नाही. उजवी दिली तर हात उचलून डावी शोधते.

“कान ठेवून जा,” नवरा म्हणाला.

“थट्टा सुचतेय तुला.”

“मग काय करू, रडू? ते खातं तुझ्याकडे आहे.”

वर्ग एका संशोधन संस्थेच्या तळघरात होता. भिंतीच्या अगदी वर एक लांबट खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे घोट्यापर्यंतचे पाय दिसायचे. जमिनीवरून वायरी गेलेल्या, त्यांवर चिकटपट्टी. प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. मी सवयीने सगळ्यांना दोन दोन चिकटणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, एक हिरवी, एक लाल. लॅपटॉपच्या झाकणाला मागून लावायच्या. बरोबर चाललंय तर हिरवी, अडलं तर लाल. हात वर करायला नको, सगळ्यांसमोर ‘मला येत नाही’ म्हणायला नको. लाल दिसली की मी येणार. पुढून मला चेहरे कमी आणि झाकणं जास्त दिसतात, आणि मला तेच बरं वाटतं. न समजता मान हलवण्याची कला शिकलेल्या माणसाला सगळ्यात जास्त साधते. झाकणं खोटं बोलत नाहीत, असं मी नव्या शिकवणाऱ्यांना सांगायचे.

खिडकीखालच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. निवृत्तीला टेकलेल्या, केस आखूड कापलेले, चष्म्याला दोरी. ओळख करून देताना म्हणाल्या, “मी गोगलगाईंवर काम करते. शंख मोजते. त्यामुळे घाई नाही.” वर्ग हसला. त्यांच्या पुढे एक तरुण दंतवैद्य होता, दातांच्या झिजेवर संशोधन करणारा, बोटं भलतीच चपळ. मी ओळ पुरी करायच्या आत त्याची झालेली असायची आणि मग तो पेन टकटक वाजवत बसायचा.

पहिली लाल चिठ्ठी बाईंची. गेले, बघितलं, अवतरणचिन्ह राहिलं होतं. त्यांनी घातलं, चाललं, “वा,” म्हणाल्या. पुढे आले तोवर पुन्हा लाल. फाइल सापडत नव्हती. मग तिसऱ्यांदा. दर वेळी मला पुढचं टाइप करणं थांबवून खुर्च्या ओलांडून त्यांच्यापर्यंत जावं लागे आणि बाकी वर्ग वाट बघत बसे. फिरणारा दुसरा माणूस असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. बाई मात्र निवांत. मी पोचले की बॅग उचलून शेजारची खुर्ची मोकळी करायच्या.

“बस ना,” म्हणायच्या.

“बसायला वेळ नाही हो, बाई.”

“बरं, उभी राहा. पण वाकू नकोस अशी, कंबर धरेल.”

दुपारनंतर दंतवैद्य न राहवून बोललाच. “मॅडम, आमच्याकडेही या कधी. लाल लावू का?”

पुन्हा सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या, आणि त्यांनी लाल काढून हिरवी लावली. थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा लाल.

संध्याकाळी अतिथिगृहाच्या खोलीत शिरले. खोलीत दोन पलंग. मी बॅग दुसऱ्या पलंगावर ठेवली, मग बॅगेतले कपडे काढून त्याच्यावर पसरले, रिकामा बघवेना. घरी फोन लावला तेव्हा मुलगी जमिनीवर बसून एका खोक्यात एक मोजा घालत होती आणि काढत होती.

“आई आली बघ,” नवरा म्हणाला.

तिने बघितलं. अगदी नीट बघितलं, ओळखलं, आणि मोज्याकडे वळली.

“रडली?”

“नाही.”

“दुपारी तरी?”

“नाही गं. जेवली, झोपली, उठली, खोक्याच्या मागे लागली.”

“गालात घास ठेवते, बघतोस ना?”

“गिळते ती,” तो म्हणाला. “वाट बघितली की गिळते.”

ती झोपल्यावर कळव, असं मी बजावलं होतं. जेवण ताटात तसंच ठेवून फोन हातात घेऊन बसले. शेवटी त्याचा निरोप आला: झोपली. मी लिहिलं, कान? त्याने लिहिलं, माझे दोन्ही दिले, पसंत पडले नाहीत, मग पांघरुणाचं टोक धरून झोपली.

इतकं सोपं. पांघरुणाचं टोक. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही असेल. माझ्या डाव्या कानाच्या पाळीवर तिच्या नखाचा बारीक ओरखडा होता. अंघोळीच्या वेळी पाणी लागून तो चुरचुरला.

दिवस संपताना आम्ही त्याच दोन चिठ्ठ्यांवर अभिप्राय घेतो. हिरवीवर काय आवडलं, लालवर काय बदलावं. ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना वाचले. हिरव्यांवर गोड गोड. लालवर बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली होती: एकाच व्यक्तीकडे फार वेळ जातो. एकाने तर लिहिलं होतं, “आमच्या वाटची मॅडम आम्हाला द्या.” तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी स्वतःच्या नोंदींचा ग्राफ काढायचा असतो. या गतीने तिथवर पोचणं कठीण होतं. खेप अशी अर्धवट राहिली तर मोठ्या मॅडमना काय सांगणार? पोरगी राहिली, वर्ग राहिला नाही?

त्यातच भर पडली. मी पडद्यावर कोड लिहीत असताना पडद्याच्याच कोपऱ्यात नवऱ्याचा निरोप फडकला. लॅपटॉपवरचे निरोप बंद करायला विसरले होते. इतरांना पहिल्या दिवशी हीच सूचना देणारी मी. भिंतभर अक्षरांत सगळ्यांनी वाचलं: शी झाली. रंग नेहमीचा. काळजी नसावी.

मी घाईने निरोप मिटवला. मग दंतवैद्य शांतपणे म्हणाला, “मॅडम, याला हिरवीच लागेल ना?”

वर्ग असा फुटला की मलाही हसू आवरेना. त्यानंतर हवा सैल झाली. कुणी विचारलं मुलगी केवढी, कुणी नाव विचारलं. बाईंनी काही विचारलं नाही. त्या हसतही नव्हत्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

थोड्या वेळाने खिडकीखाली लाल चिठ्ठी. मी दात आवळून गेले, हात पाठीमागे बांधले, पडद्याकडे पाहिलं, आणि अडखळले. काम झालेलं होतं. नुसतं झालेलं नव्हतं. मी अजून शिकवलेलंही नव्हतं ते करून ठेवलं होतं. ग्राफला शीर्षक होतं, दोन्ही अक्षांना नावं होती, आणि प्रत्येक जातीच्या शंखाला वेगळा रंग दिलेला होता.

“बाई, हे झालंय.”

“हो,” त्या हळूच म्हणाल्या. “झालंय.”

“मग लाल का?”

त्यांनी बॅग उचलून शेजारची खुर्ची मोकळी केली. या वेळी मी बसले.

“हिरवी लावली तर कुणी येत नाही,” त्या म्हणाल्या.

मला राग आला होता. तो कुठे ठेवावा ते कळेना. वर्ग पाठीमागे थांबला होता. “कालपासून सगळं येत होतं तुम्हाला?”

“पहिलं अवतरणचिन्ह खरंच राहिलं होतं.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ना, ती मीच. मागच्या वर्षी हेच सगळं शिकले मी, ऑनलाइन. सगळे काळे चौकोन. मीही एक काळा चौकोन. अडलं तर लिहा, म्हणायचे. लिहिलं की उत्तर लिहून यायचं. उत्तर बरोबर असायचं.” चष्मा पुसून झाला तरी त्या पुसतच होत्या. “माझ्या खोलीत पूर्वी चौघं होतो. आता शंखांची कपाटं आहेत आणि मी आहे. काल तू माझ्यामागे येऊन उभी राहायचीस. मागे कुणी श्वास घेतंय हे बरं वाटत होतं. बस, एवढंच. तुझा वर्ग बिघडवायचा नव्हता.”

बरोबर उत्तरं लेखी पाठवणारं ते टेबल मला ठाऊक होतं. तिथली खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवलेली होती.

पुढे दोन हिरव्या चिठ्ठ्यांच्या जागी दोन लाल उगवल्या होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. मी उठले. उठता उठता तोंडातून निघून गेलं, “बाई, मला फिरायला माणूस हवाय.”

“मला शिकवता येत नाही.”

“शिकवायचं नाहीच. मागे उभं राहायचं. हात पाठीमागे. कीबोर्डला बोट लावायचं नाही, काही झालं तरी.”

त्या उठल्या, झाकणाची लाल चिठ्ठी काढली, घडी करून खिशात टाकली आणि पहिल्या लालच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. हात मागे, वर्गाच्या पाहणीला आलेल्या मुख्याध्यापिकेसारख्या.

कामाच्या दृष्टीने सांगायचं तर त्या काही फार चांगल्या निघाल्या नाहीत. एकाकडे गेल्या की तिथेच रमायच्या. कोडवरून त्याच्या पाठदुखीवर, पाठदुखीवरून त्याच्या घरमालकावर पोचायच्या. पण मला पुढे सलग उभं राहता आलं. राहिलेला भाग संध्याकाळपर्यंत भरून निघाला.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला बाईंची गोष्ट सांगितली. मुलगी त्याच्या मांडीवर होती. मी बोलत असताना ती फोनच्या पडद्याकडे निरखून बघत होती. मला वाटलं माझ्याकडे बघतेय. तिने बोट पुढे केलं आणि फोन बंद करायचं लाल बटण दाबलं. पडदा काळा झाला. नवऱ्याने परत लावला.

“शिकली,” तो म्हणाला.

“हो, सगळंच शिकली.”

त्याने फोन तिच्या हाताला लागणार नाही असा दूर धरला. मग म्हणाला, “त्या बाईंनी किती वेळा लावली म्हणालीस लाल?”

“मोजली नाही. का?”

“काही नाही. धीर लागतो.”

रात्रीचा त्याचा निरोप कालच्यापेक्षा आखूड होता: झोपली. पांघरूण. मी काहीच विचारलं नाही. उशीत तोंड घालून डाव्या कुशीवर झोपले, म्हणजे तो कान दाबला जाईल.

तिसऱ्या दिवशी मला फारसं काम उरलं नाही. वर्ग आपापल्या नोंदींत बुडाला होता. दंतवैद्याचा ग्राफ सगळ्यांच्या आधी आला, आणि तो खुर्चीत मागे रेलला. मी ते बघून घेतलं. बाई फिरत होत्या. एकदा त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या आणि माझ्या देखत त्यांचा उजवा हात पाठीमागून सुटला, पुढे आला आणि त्यांनी खटकन त्याचं एक अक्षर खोडलं.

“बाई,” मी पुढूनच म्हटलं.

“चुकीचंच होतं ते,” त्या म्हणाल्या.

“मला दिसलं होतं,” दंतवैद्य म्हणाला.

“दिसलं होतं तर ठेवलं कशाला होतंस? शोभेला?”

शेवटच्या अभिप्रायात त्याने लाल चिठ्ठीवर लिहिलं: “गोगलगाय आजींनी माझ्या कीबोर्डला हात लावला.” आणि हिरवीवर: “गोगलगाय आजी.”

वर्ग सुटला. सगळे वायरी गुंडाळत होते, दंतवैद्य बाईंना म्हणत होता की मला शंखांची कपाटं दाखवा, दातांसारखी झीज शंखांनाही होते का ते बघायचंय. बाई म्हणाल्या, “आत्ताच चल, चहा मी पाजते. पण कपाटाला हात लावायचा नाही.” आणखी दोघं तिघं त्यांच्यामागे निघाले. दाराशी त्या काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून, शंख केवढा ते बोटांनी दाखवत. मला वाटलं वळतील, निदान मान हलवतील. वळल्या नाहीत. थोड्या वेळाने वरच्या खिडकीतून त्यांचे पाय गेले, मधे त्यांच्या चपला आणि दोन्ही बाजूंना बुटांचे जोड, सगळे त्यांच्या चालीने, सावकाश.

त्यांना माझी गरज उरली नव्हती. यालाच आम्ही वर्ग चांगला झाला असं म्हणतो. मी झाकणांवरून पडलेल्या चिठ्ठ्या खुर्च्यांखालून वेचल्या. त्या एकदा पडल्या की परत चिकटत नाहीत, तरी मी वेचते. प्रोजेक्टर बंद केला तेव्हा पंखा बराच वेळ एकटाच फिरत राहिला.

मग पुढच्या खुर्चीवर बसून घरी फोन लावला. नवऱ्याने मुलीला जेवायला बसवलं होतं. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला असावा, कारण मला तो अर्धाच दिसत होता आणि ती पूर्ण. गालाला केळं, समोर वाटी.

“राहिली की गं तीन दिवस,” तो म्हणाला. “एकदाही रडली नाही. जमलं. मोठ्या मॅडमना सांग, टेबल दुसऱ्या कुणाला द्या.”

“सांगते.”

“मग खूश ना?”

“आहे ना.”

मी होतेही. माझं काम माझ्याजवळ राहिलं होतं. मुलीने एक घास गालात ठेवला. मी काही बोलले नाही. ती थांबली, कुठेतरी वर बघितलं, आणि गिळला. नवऱ्याने तिच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

“बरं, ऐक,” तो म्हणाला. “एक अडलंय.”

“काय?”

“तिचा निळा चमचा. तीन दिवस शोधतोय, सापडतच नाही. कुठे ठेवतेस तू?”

मी पडद्याकडे पाहिलं. निळा चमचा मुलीच्या मुठीत होता. त्याला केळं लागलेलं होतं. ती तो वाटीच्या कडेवर आपटत होती, टक टक, आणि आवाज ऐकून स्वतःवरच खूश होत होती. नवरा तिच्या शेजारी बसून, चेहरा अगदी गंभीर ठेवून, माझ्या उत्तराची वाट बघत होता.

“ओट्याखालचा दुसरा ड्रॉवर,” मी म्हटलं. “अगदी मागे. झारा आडवा येतो, तो आधी उचल.”

“थांब हं, फोन ठेवू नकोस.”

तो उठून गेला. ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला, मग झारा उचलून ठेवल्याचा. तो बराच वेळ आत खुडबुड करत राहिला. मुलीने चमचा फोनच्या दिशेने पुढे केला. पडदाभर निळं झालं.

“सापडला?” मी विचारलं.

“सापडला,” तो आतून म्हणाला. “तू म्हणालीस तिथेच होता.”